बेचाळीस दातांचं वाचन

खामगावच्या गुरांच्या बाजारात बैलाचा सौदा शेवटी तोंडापाशी येऊन ठरतो. खांदा पाहून होतो, चाल पाहून होते, मग घेणारा बैलाच्या तोंडाशी हात नेतो, खालचा ओठ अंगठ्याने दाबतो आणि एका नजरेत सांगतो : आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक गादी असते. खाली आठ पटाशीचे दात. दुधाचे दात पडून त्यांच्या जागी पक्के दात जोडीजोडीने येतात. सुरुवात दोन-अडीच वर्षांच्या सुमारास होते आणि पाचव्या वर्षाच्या आसपास चौथी जोडी आली की बैल जुळला. पुढे झीज पाहून वय काढायचं. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ही विद्या कोणी शिकवत नाही, ती बापाच्या मागे बाजार फिरताना येते.

त्याच घराच्या अंगणात राखणीला कुत्रं असतं आणि धान्याच्या कोठीपाशी मांजर. त्यांचं तोंड मात्र जन्मभर कोणी पाहत नाही. सौदा नाही, म्हणून पाहणंही नाही. मला हे मोठं नुकसान वाटतं. दातांच्या रचनेत कुत्र्याचा जबडा बैलाच्या जबड्याइतकाच बोलका आहे, आणि त्यातला बिघाड वेळेवर ओळखता आला तर मुक्या जिवाची कित्येक वर्षांची वेदना टळते. म्हणून एका निरोगी, वयात आलेल्या कुत्र्याचं तोंड सावकाश पाहू या.

आधी तोंड उघडायचंच नाही. जबडा मिटलेला असताना नुसते ओठ बाजूला करायचे. वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या किंचित पुढे उतरलेले दिसतात. खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या पुढे, शेवटच्या पटाशीच्या दाताशेजारी ठेवलेल्या मोकळ्या जागेत बरोबर बसलेला असतो, कुठेही न टेकता. त्यामागच्या उपदाढा एकमेकींना भिडतच नाहीत. वरच्या दोन उपदाढांमधल्या फटीसमोर खालच्या उपदाढेचं टोक येतं, खालच्या फटीसमोर वरचं. ही नागमोडी ओळ मला सगळ्या तोंडातली सर्वांत देखणी जागा वाटते. दातांमध्ये जागा राखूनही पकड सुटत नाही. जिवंत पिल्लू तोंडात धरून कुत्री त्याला ओरखडाही न उठवता हलवते, त्यामागे ही रचनाही आहे.

मग मोजायचं. बारा पटाशीचे, चार सुळे, सोळा उपदाढा, दहा दाढा : एकूण ४२. पिल्लाला दुधाचे २८. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात ते येतात आणि चौथ्या महिन्यापासून पडू लागतात; सहा-सात महिन्यांत पक्के दात पूर्ण होतात. शहरात घरोघर दिसणाऱ्या पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत या अदलाबदलीत हमखास घोळ होतो. दुधाचा सुळा पडत नाही आणि पक्का सुळा त्याच्या शेजारून डोकावतो. वरचा पक्का सुळा दुधाच्या सुळ्याच्या पुढे येतो, खालचा आतल्या अंगाला. आत सरकलेला हा खालचा सुळा टाळूत रुतत राहतो. पिल्लू सहा महिन्यांचं झालं की एकाच जागी दोन सुळे दिसतात का, एवढं पाहिलं तरी पुढचं पुष्कळ टळतं.

पशुवैद्यांनी या प्रत्येक दाताला तीन अंकी नाव दिलं आहे. ट्रायडन नावाच्या या पद्धतीत पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो : वर उजवीकडे १, वर डावीकडे २, खाली डावीकडे ३, खाली उजवीकडे ४. पुढचे दोन आकडे मधल्या रेषेपासून मागे मोजत जातात. सुळ्याच्या शेवटी कायम ०४ येतं, पहिल्या दाढेच्या शेवटी कायम ०९. एवढे दोन टप्पे ध्यानात ठेवले की बाकीची ओळ आपोआप लावता येते. या मोजणीत वरची चौथी उपदाढ म्हणजे १०८ आणि २०८, खालची पहिली दाढ म्हणजे ४०९ आणि ३०९. मांसाहारी प्राण्याच्या तोंडातली खरी कापणी याच दोन जोड्यांवर होते. वरची पाती बाहेरून, खालची आतून, एकमेकींना घासत सरकतात. कुत्रं हाडाचा तुकडा पुढच्या दातांनी न चावता मान तिरकी करून गालाच्या कोपऱ्यात का ढकलतं, ते इथे कळतं.

आता याच तोंडातला विरोधाभास पाहा. माणसाचा दात किडतो तसा कुत्र्याचा दात सहसा किडत नाही. दात टोकदार आणि सुटे, त्यामुळे अन्न अडकून राहायला जागा कमी. लाळ माणसापेक्षा क्षारधर्मी, त्यामुळे दात पोखरणारं आम्ल टिकत नाही. पण किडीपासून वाचवणारी हीच लाळ किटण चढवते. जेवणानंतर काही तासांत दातावर जिवाणूंचा चिकट थर जमतो. तो पुसला गेला नाही तर दोन-तीन दिवसांत लाळेतले क्षार त्यात बसतात आणि थर कठीण होतो. खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-शेगावकडे, हंड्याच्या काठाला पांढरा थर धरतो, तसंच हे. किटण सर्वांत जास्त कुठे असतं तेही ठरलेलं : वरच्या चौथ्या उपदाढेच्या गालाकडच्या अंगाला, कारण लाळग्रंथीची नळी तिथेच उघडते. तोंडातला सर्वांत कामाचा दातच सर्वांत आधी झाकला जातो.

पिवळा-तपकिरी थर दिसतो, त्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. खरा बिघाड हिरडीच्या आत असतो. निरोगी कुत्र्यात हिरडी आणि दात यांच्यामधली फट तीन मिलिमीटरपर्यंत असते, मांजरात एक मिलिमीटरही नसते. जिवाणू या फटीत उतरले की हिरडी सुजते, मग दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटतात, मग हाड झिजतं. पशुवैद्य बारीक खुणा असलेली सळई दाताभोवती फिरवून ही खोली मोजतो आणि प्रत्येक दाताच्या आकड्यासमोर लिहितो. ही मोजणी मला या शास्त्रातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. हलक्या हाताने, दाताच्या चारही बाजूंनी, घाई न करता. तोंडाची दुर्गंधी हे कुत्र्याचं नैसर्गिक लक्षण आहे असं आपल्याकडे सर्रास समजतात. तसं नाही. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला कुजका वास येत नाही.

ही मोजणी आणि साफसफाई जाग्या जनावरावर होत नाही. पूर्ण भूल लागते आणि श्वासनलिकेत नळी लागते; नळीभोवतालचा फुगा फुगवला की दात धुतलेलं पाणी फुफ्फुसात जात नाही. भूल न देता दात खरवडून देणारे लोक शहरांत वाढले आहेत. दात चकचकीत दिसतात, मालक समाधानी होतो, आणि हिरडीखालचा आजार जिथल्या तिथे राहतो. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने या पद्धतीला स्पष्ट नकार दिला आहे, आणि तो योग्यच आहे. भुलीची भीती मला समजते. रक्त तपासून, मूत्रपिंड-यकृत पाहून दिलेली भूल आणि वर्षानुवर्षं तोंडात राहिलेला पू, यांतला धोका मोजताना पुवाचा धोका आपण कमी धरतो.

दाताचा मोठा भाग डोळ्याला दिसतच नाही, म्हणून क्ष-किरण चित्राशिवाय वाचन अर्धवट राहतं. वरच्या सुळ्याचं मूळ बाहेरच्या भागापेक्षा लांब असतं, मागे वळून दुसऱ्या उपदाढेच्या वरपर्यंत जातं. त्या मुळात आणि नाकाच्या पोकळीत हाडाचा पातळ पडदा असतो. तो झिजला की कुत्र्याला सतत शिंका येतात, एका नाकपुडीतून स्राव येतो, आणि सर्दीची औषधं चालू राहतात. दुसरं उदाहरण याहून ठळक. कुत्र्याच्या डोळ्याखाली गाठ येते, फुटते, बरी होते, पुन्हा येते. कोणी म्हणतं गांधीलमाशी चावली, कोणी म्हणतं डोळ्याचा विकार. बहुतेक वेळा दोष १०८ किंवा २०८ चा असतो. त्या दाताला तीन मुळं असतात आणि ती डोळ्याखालच्या हाडात रुतलेली असतात. कठीण हाड, दगड किंवा शिंग चावताना दाताची एक कपची उडते, आतली नस उघडी पडते आणि पू मुळाशी साठतो. कुत्र्याच्या दातावरचं कवच एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं. जे खेळणं तुमच्या नखाने दाबलं जात नाही, ते कुत्र्याला चावायला देऊ नका.

इथे एक गोष्ट कोणत्याही सौंदर्यविचाराआधी सांगितली पाहिजे. गावातलं अनोळखी कुत्रं लाळ गाळतंय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, असं दिसलं की घशात हाड अडकलं असं समजून लोक तोंडात हात घालतात. ही रेबीजची लक्षणं असू शकतात. अशा कुत्र्याच्या तोंडाला हात लावू नये. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. वर सांगितलेलं सगळं पाहणं आपल्या, लसीकरण झालेल्या, हाताला सवयीच्या जनावरापुरतंच आहे.

अशा जनावराचं घरी काय करायचं ते थोडक्यात. बोटाला सुती कापड गुंडाळून किंवा लहान मुलांच्या मऊ ब्रशने रोज दातांच्या बाहेरच्या बाजू पुसाव्यात. आतल्या बाजूला जीभच बऱ्यापैकी काम करते. माणसांची टूथपेस्ट वापरू नये. कुत्रं ती गिळतं, आणि काही पेस्टमध्ये असलेलं झायलिटॉल त्याच्यासाठी विष आहे. दुधात कुस्करलेली भाकरी खाणाऱ्या कुत्र्याच्या दातांना घासच बसत नाही, म्हणून त्याला पुसणं जास्त लागतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांवर गाई-म्हशींच्या उपचारांचा भार असतो. भुलीखालच्या दंतोपचारासाठी बुलढाणेकरांनी अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत चौकशी करावी. ती माफसूची, म्हणजे नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची संस्था आहे, आणि खामगावहून सुमारे ५० किलोमीटरवर आहे.

मांजराचं तोंड शेवटी ठेवलं, कारण ते सर्वांत संक्षिप्त आहे. दात ३०. चघळणारी सपाट दाढ उरलेलीच नाही; जबडा वर-खाली हलतो, आडवा जवळजवळ नाहीच. ट्रायडनच्या मोजणीत इथे एक विलक्षण गोष्ट दिसते. उत्क्रांतीत गळून गेलेल्या दातांचे आकडे दुसऱ्यांना दिलेले नाहीत. वर १०४ नंतर एकदम १०६ येतो, खाली ३०४ नंतर ३०७. आज नसलेल्या दाताची जागा नोंदीत राखलेली आहे. ज्ञानगंगा अभयारण्यातल्या बिबट्याच्या तोंडातही हेच तीस दात आहेत, आणि डिसेंबर २०१९ मध्ये टिपेश्वरहून चालत त्या जंगलात आलेल्या वाघाच्या तोंडातही. कोठीपाशी उंदरावर टपलेलं मांजर त्याच आराखड्याचं आहे.

पण मांजराचं दुखणं वाचायला सर्वांत अवघड. त्याच्या सुळ्यातली नस जवळजवळ टोकापर्यंत येते, म्हणून टोकाचा टवका उडाला तरी नस उघडी पडते. वयस्क मांजरांत दात मुळापासून विरघळण्याचा विकार फार आढळतो. बहुधा तो ३०७ आणि ४०७ पासून सुरू होतो, आणि झिजलेल्या खड्ड्यावर गुलाबी मांस चढल्यामुळे वरवर हिरडी वाढल्यासारखी दिसते. त्या जागी स्पर्श होताच भुलीखालीही मांजराचा जबडा थरथरतो. दुसरा विकार म्हणजे घशापर्यंत लालबुंद सुजलेलं तोंड. मांजर भांड्यापाशी येतं, वास घेतं, एक घास घेतं आणि ओरडून मागे सरतं. आपण म्हणतो, याला हे अन्न आवडत नाही.

या दोन्ही विकारांत सुजाण पशुवैद्य दात काढायला सांगतो, कधी जवळजवळ सगळे. माझं सांगणं एवढंच : क्ष-किरण चित्र पाहून असा सल्ला मिळाला तर कचरू नका. दात नसलेलं मांजर दूध-भात खातंच, कोरडे दाणेही गिळतं, आणि तोंड सुजलेल्या बहुतांश मांजरांना या शस्त्रक्रियेने स्पष्ट आराम पडतो.