उपकारस्तुती आणि उतराई : दुष्काळ-प्लेगच्या काळातील दोन मराठी ख्रिस्ती आत्मकथने

मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात ईश्वराचे आभार मानण्याच्या कृतीला ‘उपकारस्तुती’ असा शब्द योजलेला आहे. ‘कृतज्ञता’ या संस्कृत संज्ञेत केलेल्या उपकाराची जाण अभिप्रेत आहे. ‘उपकारस्तुती’त मात्र त्या जाणिवेचा उच्चार, म्हणजे वाणीने केलेली स्तुती प्रधान ठरते. यांच्या जोडीला मराठीत तिसरा शब्द आहे, तो ‘उतराई’. संतकाव्यातून आणि रोजच्या बोलण्यातून आलेल्या या शब्दात ऋण फेडण्याची धडपड आहे आणि ते फिटणार नाही याची कबुलीही आहे. जाणणे, उच्चारणे आणि फेडणे या तीन क्रिया एकच नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ख्रिस्ती झालेल्या किंवा ख्रिस्ती म्हणून जगणाऱ्या मराठी स्त्रियांनी आपल्या आयुष्याचा वृत्तांत लिहिला, तेव्हा या तिन्ही क्रिया त्यांच्या भाषेत कोठे एकत्र आल्या आणि कोठे परस्परांपासून सुटल्या, हे पाहणे तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

तो काळ सुखाचा नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ पडले. या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांची १९०७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेली ‘साक्ष’ आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांची १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ ही दोन आत्मकथने शेजारी ठेवली, तर ख्रिस्ती प्रीतीची दोन भिन्न व्याकरणे दिसतात.

रमाबाईंच्या कथनाचा साचा प्रोटेस्टंट परंपरेतील साक्षीचा आहे. इंग्रजीत बन्यनच्या ‘ग्रेस अबाउंडिंग’पासून (१६६६) हा साचा रूढ झालेला होता आणि बन्यनच्याच ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे हरि केशवजी यांनी ‘यात्रिकक्रमण’ हे मराठी रूप १८४१ मध्ये दिल्यापासून मराठी ख्रिस्ती वाचकांनाही त्याची ओळख होती. पूर्वायुष्यातील अंधार, शोध, प्रकाश आणि त्यानंतरचे कृतार्थ सेवाजीवन, असा त्याचा क्रम. या साच्यात कृतज्ञता ऊर्ध्वगामी असते. मदत कोणाच्याही हातून आलेली असो, आभार ईश्वराचे. मुक्ती सदनाला मिळालेले धान्य, जमीन, विहिरीचे पाणी, देणग्या हे सारे रमाबाई ईश्वराच्या पुरवठ्याच्या खाती जमा करतात. परंतु त्यांचे लेखन या साच्यात पूर्ण मावत नाही, आणि ते जेथे मावत नाही तेथेच ते वाङ्मयीन दृष्ट्या श्रेष्ठ ठरते.

रमाबाईंच्या कुटुंबाची उपासमार हा तो भाग. अठराशे सत्तरच्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थांतून हिंडत अन्नाला मोताद झाले. असलेले सारे देवधर्मात वेचले गेले होते. विद्वान ब्राह्मणाला अंगमेहनतीचे काम ठाऊक नव्हते आणि मागायची लाज होती. वडिलांनी जलसमाधीचा विचार बोलून दाखविला, तेव्हा भावाने जातीचा अभिमान सोडून मजुरी शोधण्याची तयारी दाखविली. आई, वडील आणि बहीण त्या वर्षांत गेली. रमाबाई हा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात धर्मांतराच्या युक्तिवादापेक्षा भावाचे ते उद्गार अधिक ठसतात. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून दुष्काळग्रस्त मुली आणण्यासाठी त्या स्वतः गेल्या, ते या स्मृतीच्या बळावर. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे या मुलींना शेती, विणकाम, तेल गाळणे, छापखान्यातील खिळे जुळविणे शिकविले गेले. ज्या कौशल्यांच्या अभावी डोंगरे कुटुंब मेले, नेमकी ती कौशल्ये! येथे उपकारस्तुती आणि उतराई यांची गाठ पडते. स्तुती देवाची, परंतु फेड मात्र मेलेल्या आईवडिलांच्या ऋणाची, आणि ती घेणाऱ्या अनोळखी मुली.

तथापि या व्यवस्थेतील अडचण नाकारता येत नाही. उपकार घेणाऱ्यावर उपकाराचे ओझे असते. शारदा सदनातील मुलींवर धर्मप्रभाव पडत असल्याच्या वादातून १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, हा इतिहास सर्वज्ञात आहे. त्या वादात दोन्ही पक्ष बोलले. मुली फारशा बोलल्या नाहीत. केडगावच्या मुलींच्या कृतज्ञतेविषयी जे उपलब्ध आहे ते बहुतांशी उपकारकर्त्यांच्या लेखणीतून. उलट रमाबाईंच्या बाजूने एक गोष्ट नोंदवावी लागते : त्यांची कृतज्ञता राज्यकर्त्यांच्या दारात गप्प बसली नाही. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती, आपण ख्रिस्ती, तेव्हा आभारी राहावे, असा सोपा हिशेब त्यांनी केला नाही.

लक्ष्मीबाईंच्या लेखनात साक्षीचा साचाच नाही. ‘स्मृतिचित्रे’ सुरू होते ते वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून. सासऱ्यांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाल्यानंतर बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा हट्ट त्यांना जडला. साक्षलेखकाने या प्रसंगाला ‘अंधार’ म्हटले असते. लक्ष्मीबाई त्याला हसतात, आणि त्या हसण्यात वडिलांविषयीचा राग आणि माया दोन्ही आहेत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ही घटना त्या विजयाच्या सुरात सांगत नाहीत. ती त्यांच्यावर कोसळलेली आपत्ती आहे. पुढे पंढरपूरचे वास्तव्य, मग नगरला पतीकडे परतणे, आणि १९०० मध्ये स्वतःचा बाप्तिस्मा. या पाच वर्षांत श्रद्धेचा बदल ज्या वाटेने झाला ती वाट पाण्याची आणि अन्नाची आहे : कोणाच्या हातचे पाणी चालेल, कोणाच्या पंक्तीला बसता येईल. सिद्धांत मागाहून आला. किंबहुना पुरता आला की नाही, हा प्रश्नही लक्ष्मीबाईंना फारसा महत्त्वाचा वाटलेला दिसत नाही.

मराठी बायबलने ख्रिस्ती प्रेमासाठी ‘प्रीती’ हा शब्द निवडला. तो काहीसा मऊ, काव्यातला शब्द आहे. लक्ष्मीबाईंच्या घरात या प्रीतीला ‘आणखी एक ताट’ असे रूप येते. टिळकांचे औदार्य अव्यवहारी होते. घरात आलेला पैसा दुसऱ्याच्या हाती जाई, आणि त्या औदार्याची किंमत स्वयंपाकघरात चुकती होई. ‘स्मृतिचित्रे’तील विनोदाचा मोठा भाग या विषमतेतून निर्माण होतो. पती देतो, पत्नी भागविते. कृतज्ञता लोकांची पतीला मिळते. हे लक्ष्मीबाई स्पष्ट दाखवितात आणि तरीही पतीविषयीची त्यांची जाण कमी होत नाही. टिळकांच्या काव्यातील आत्मसमर्पणाइतकेच, कदाचित त्याहून अधिक, ख्रिस्ती प्रीतीचे आचरण या भागविण्यात आहे, असे म्हणणे धाडसाचे वाटेल, परंतु पुस्तकाचा पुरावा त्याच बाजूचा आहे. परकी मुले घरात घेऊन वाढविणे, प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, या गोष्टी त्या पुण्यकर्म म्हणून नोंदवीत नाहीत. त्या दिवशी घरात काय गोंधळ झाला, हे सांगता सांगता त्या येऊन जातात.

बालकवी ठोमरे यांचा उल्लेखही याच दृष्टीने वाचावा लागतो. नगरला टिळकांच्या घरी हा तरुण कवी मुलासारखा राहिला, आणि हिंदूच राहिला. १९१८ मध्ये रेल्वेच्या अपघातात तो गेला. पुढच्याच वर्षी टिळकही गेले. मिशनच्या हिशेबात असा आश्रित निष्फळ ठरता. लक्ष्मीबाईंच्या हिशेबात फळाचा प्रश्नच उद्भवत नाही.

टिळकांवर वारकरी भक्तीचा प्रभाव किती होता, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्यामागेही तीच प्रेरणा होती. लक्ष्मीबाईंविषयी मात्र या अंगाने कमी विचार झाला. आत्मकथनाची देशी परंपरा पाहायची तर सतराव्या शतकातील बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनपर अभंगांकडे जावे लागते. तेथेही पती, गुरे, मूल, मारहाण यांच्यामधूनच ईश्वर भेटतो. बहिणाबाई अखेर गुरुकृपेकडे वळतात. लक्ष्मीबाई घराकडेच पाहत राहतात. ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’ ईश्वराला उद्देशून आहे, रमाबाईंची साक्ष ईश्वराविषयी आहे आणि ती श्रद्धावान वाचकांपुढे दिलेली आहे. ‘स्मृतिचित्रे’ कोणाला उद्देशून आहे? शेजारणीला सांगावे तसे ते सांगितलेले आहे, आणि शेजारीण कोणत्या धर्माची हे विचारलेले नाही.

हा भेद भाषांतरात किती सहज हरवतो, हे पुस्तकाच्या इंग्रजी नामांतरांवरून दिसते. जोसेफिन इंक्स्टर यांच्या १९५० च्या भाषांतराचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’. फिलिप्पैकरांस पत्राच्या इंग्रजी बायबलमधील हे शब्द आहेत. त्यांनी मूळ पुस्तकाला साक्षीच्या साच्यात नेऊन बसविले. शांता गोखले यांच्या २०१७ च्या भाषांतराने मूळ मराठी नाव राखले, पण उपशीर्षकात लेखिका ‘तडफदार पत्नी’ झाली. पहिल्या नावात ती ख्रिस्ताच्या मागे चालते, दुसऱ्यात पतीच्या नात्याने ओळखली जाते. मूळ नावात फक्त आठवण आहे आणि चित्रे आहेत. कोणाचे, कशासाठी, याचा उच्चार नाही. चौथा भाग अपुरा ठेवून १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. पुढचा मजकूर मुलाने, देवदत्तांनी, जोडला.