मोडल्यावरच दिसतं? सुझन ली स्टार यांचा एक मुद्दा आणि वादकांचं जादाचं सामान

सिनॉप्सिसमध्ये 'इन्फ्रास्ट्रक्चर' हा शब्द आला की पुढच्या दोन ओळींत सुझन ली स्टार यांचं नाव येतंच. 1999 साली 'अमेरिकन बिहेवियरल सायंटिस्ट' या नियतकालिकात त्यांचा 'द एथ्नोग्राफी ऑफ इन्फ्रास्ट्रक्चर' हा लेख आला. कॅरन रुहलेडर यांच्याबरोबर आधी केलेल्या कामाचा त्याला आधार आहे. पायाभूत व्यवस्थेचे गुणधर्म त्यांनी एकेक करून मांडलेत. त्यातला एक आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतो: व्यवस्था नीट चालते तोवर नजरेत येत नाही, बिघडली की दिसते. नळाला पाणी येतंय तोवर पाइपलाइन कुणाला आठवते?

मुद्दा सोपा आहे, पटकन पटतो, पीएचडीच्या मुलाखतीत सांगायलाही बरा पडतो. म्हणूनच तो एकदा तपासून बघायला हवा. या पोस्टमध्ये तो मी एका अगदी साध्या गोष्टीवर घासून बघणार आहे: गिरगाव, लालबाग, परळ, दादर या पट्ट्यात कार्यक्रमाला जाणारे वादक आणि माईकवाले जे जादाचं सामान बरोबर नेतात, ते. दुसरा दायाँ, तारांची पुडकी, सेलचं पाकीट, एक जास्तीची केबल. बहुतेक दिवशी हे सामान जसं येतं तसंच परत जातं.

आधी स्टार यांच्याशी न्यायाने वागू. त्या लेखात बॅकअपचा उल्लेख आहे. सर्व्हर बंद पडणं, पूल वाहून जाणं, वीज जाणं अशी बिघाडाची उदाहरणं देऊन त्या म्हणतात की पर्यायी सोय असली तरी तिच्या असण्यामुळेच मूळ व्यवस्था आणखी डोळ्यात भरते. म्हणजे बॅकअप त्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. फक्त तो बिघाडाच्या नंतर येतो, आणि बिघाड लपवत नाही तर उघड करतो.

जनरेटरच्या बाबतीत हे तंतोतंत खरं आहे. लाइट गेले, पाच सेकंद अंधार, मग बाहेर घरघर सुरू झाली, की हॉलमधल्या शेवटच्या रांगेलाही कळतं. पण आता तबल्याकडे या.

दायाँ गायकाच्या षड्जाला लावलेला असतो. पुरुष गायक साधारण काळी एकच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या आसपास. एकच दायाँ ठोकून ठोकून एवढा वर-खाली नेता येत नाही, म्हणून वेगवेगळ्या तोंडाचे दायाँ ठेवावे लागतात. त्यात पावसाळा. दमट हवेत पुडी सैल पडते, स्वर उतरतो. हॉलमध्ये एसी असला की बाहेर लावलेला तबला आत येऊन पुन्हा सरकतो. दोन चिजांच्या मध्ये तबलजी हातोडी घेतो, गठ्ठे ठोकतो, गजऱ्यावर टकटक करतो, आणि नाहीच जमलं तर शांतपणे दुसरा दायाँ पुढे ओढतो. गायक तेवढ्यात पुढच्या रागाबद्दल दोन शब्द बोलतात. श्रोत्यांनी हे सगळं पाहिलेलं असतं, पण त्यांच्या लेखी ते 'तबला लावणं' असतं. बिघाड झाला, दुरुस्ती झाली, सामान बदललं, आणि बिघाड म्हणून काहीच दिसलं नाही. मैफलीच्या रीतीतच दुरुस्तीला जागा ठेवलेली आहे.

इथे स्टार यांचा मुद्दा उलटा पडतो. गाण्यातला चांगला बॅकअप मूळ व्यवस्थेकडे लक्ष वेधत नाही. लक्ष जाऊ न देणं हेच त्याचं काम. हातात धरायचा दुसरा माईक स्टँडच्या पायाशी आधीच ठेवलेला असतो तो यासाठीच.

मग 'दिसतं' म्हणजे कुणाला दिसतं? स्टार याच लेखात सांगतात की इन्फ्रास्ट्रक्चर ही नात्यातली गोष्ट आहे. एकासाठी जी निमूट चालणारी सोय, ती प्लंबरसाठी रोजचं काम आणि व्हीलचेअरवरच्या माणसासाठी अडथळा. हा त्यांचा जास्त खोल विचार आहे. आपण मात्र सिनॉप्सिसमध्ये 'बिघडल्यावर दिसतं' एवढंच उचलतो आणि हा विचार सोडून देतो. श्रोत्याला तार तुटल्यावर दिसते. वादकाला ती घरातून निघतानाच दिसत असते, म्हणून तर पुडकं खिशात असतं. जादाचं सामान म्हणजे आधी कधीतरी झालेल्या किंवा गुरूकडून ऐकलेल्या बिघाडाची आठवण, वस्तूच्या रूपात बरोबर बाळगलेली.

आता प्रश्न येतो अभ्यासाच्या पद्धतीचा, आणि तयारी करणाऱ्यांसाठी तोच महत्त्वाचा. समजा, कुणी ठरवलं की मी कार्यक्रमांना जाईन, बिघाड होण्याची वाट बघेन आणि तेव्हा काय दिसतं ते टिपेन. वहीत कोण येणार? ज्यांच्याकडे जादाचं काही नव्हतं तेच. ज्यांच्याकडे होतं त्यांचा बिघाड पाच सेकंदांत मिटला आणि नोंदीतून सुटला. मग निष्कर्ष काय निघेल? छोट्या, गल्लीतल्या पार्ट्यांचे कार्यक्रम विस्कळीत, मोठ्या हॉलमधले सफाईदार. कला आणि कौशल्याबद्दल काढलेला हा निष्कर्ष खरं म्हणजे दुसरी वस्तू घ्यायला कुणाकडे पैसे होते त्याबद्दलचा असेल. एक सोयीचा मुद्दा न तपासता वापरला की अन्याय असा पद्धतीतूनच शिरतो.

याच पट्ट्यात हे नीट बघता येतं. अनंत चतुर्दशीला लालबागहून निघालेली मोठी मिरवणूक गिरगाव चौपाटीला पोहोचायला दुसरा दिवस उजाडतो. वीस तासांवर वाजवायचं म्हटल्यावर काहीतरी मोडणारच. ढोल-ताशा पथकात एका ढोलाचं पान फाटलं तर तो ढोल बाजूला होतो, बाकीचे वाजत राहतात. तिथे बॅकअप पिशवीत नसतो, संख्येत असतो. ताशाचं तसं नाही. चाल ताशावर चालते, ताशे थोडे असतात, त्यामुळे ताशाचं पान आणि काड्या जास्तीच्या ठेवाव्याच लागतात. बेंजो पार्टीत प्रश्न आणखी अवघड. बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारवाद्य, जपानी ताइशोगोतोचं इथलं रूप, पिकअप लावून स्पीकरला जोडलेलं. गाण्याची चाल वाजवणारं हे मुख्य वाद्य. त्याची तार तुटली तर कीबोर्डवाल्याने चाल उचलायची आणि तेवढ्यात तार चढवायची. तिथे बॅकअप दुसऱ्या माणसाच्या बोटांत असतो.

म्हणजे 'बॅकअप' या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, अख्खी दुसरी वस्तू: दायाँ, माईक. दुसरी, सुटा भाग: तार, पान, सेल, फ्यूज. तिसरी, माणसाचं कसब: हार्मोनियमची एखादी पत्ती अडकली की तो स्वर टाळून वाजवणं, माईक गेला की आवाज टाकून गाणं. चौथी, शेजार. दादरला हरिभाऊ विश्वनाथांचं वाद्यांचं दुकान 1925 पासून आहे. परळहून तिथे जायला किती वेळ लागतो? शिवाय अर्ध्या तासात तबला घेऊन येईल असा कुणीतरी ओळखीचा या भागात सापडतो. दाट वस्ती आणि जुने संबंध हाही साठाच आहे, फक्त तो कुणाच्या पिशवीत दिसत नाही. हीच मंडळी कोकणात दौऱ्यावर निघाली की पिशवी जड होते, कारण शेजार बरोबर नेता येत नाही.

विजेचंही तेच. शहर भागात बेस्टची वीज, आणि राज्याच्या बऱ्याच भागांच्या मानाने इथे लाइट कमी जातात. त्यामुळे बंद हॉलमधल्या कार्यक्रमाला माईकवाला जनरेटरपेक्षा केबल आणि माईक जास्तीचे आणण्याकडे बघतो. 12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिडच्या बिघाडाने मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. स्टार यांच्या हिशोबाने अभ्यासाचा हा सोन्यासारखा दिवस. पण तेव्हा कोविडमुळे नाट्यगृहं बंदच होती. एवढा मोठा बिघाड झाला आणि गाण्याच्या कार्यक्रमांच्या व्यवस्थेबद्दल त्याने काहीच दाखवलं नाही. बिघाड आपल्या सोयीने होत नसतो. त्यावर अख्खी पद्धत उभारणं धोक्याचं.

वेळेचाही संबंध आहे. रात्रभर चालणाऱ्या बैठकीत तार तुटली तर थांबता येत होतं, चहा होत होता. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आली. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस, तेही रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. चौकातल्या कार्यक्रमात साडेनऊला मिक्सर बसला तर दुरुस्तीची वीस मिनिटं म्हणजे उरलेल्या कार्यक्रमाचा बराचसा भाग. दुसरं यंत्र तयार ठेवणं म्हणजे वेळ विकत घेऊन ठेवणं. बॅकअपची गरज वस्तूच्या कच्चेपणावर जेवढी अवलंबून, तेवढीच कायद्याच्या घड्याळावर.

इथे हॉवर्ड बेकर यांची मदत होते. 'आर्ट वर्ल्ड्स' (1982) या पुस्तकाची सुरुवात ते अँथनी ट्रॉलप या कादंबरीकाराच्या म्हाताऱ्या नोकराने करतात. तो पहाटे उठवायचा म्हणून लिखाण व्हायचं. कलाकृतीमागे किती हात असतात हे बेकर दाखवतात. तरी त्यांची यादी मुख्यतः कामी आलेल्या हातांची आहे. कामी न आलेली मेहनत या यादीत कुठे बसवायची? दुसरा दायाँ गिरगावातल्या चाळीचे तीन जिने उतरवून लोकलमध्ये चढवणाऱ्या शिष्याने त्या संध्याकाळच्या गाण्यात काहीच भर घातली नाही. पण त्याच्याशिवाय तबलजी निश्चिंतपणे वाजवू शकला असता का?

उचलण्याचा हा प्रश्न हलका समजू नका. तंबोऱ्याची जोडी लोकलने नेणं म्हणजे काय ते ज्याने नेलंय त्याला विचारा. बंगळुरूच्या राडेल कंपनीने 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. आज फोनमधल्या ॲपपर्यंत मजल गेली आहे. 'खऱ्या तंबोऱ्याची सर त्याला नाही' ही टीका सौंदर्याच्या बाजूने बरोबरच आहे. पण ती वजनाची बाजू बघत नाही. सुरुवातीला 'असू दे बरोबर' म्हणून घेतलेली वस्तू हळूहळू मुख्य वस्तूची जागा घेते, कारण ती हातात मावते. बॅकअपमधून संगीताचा नाद कसा बदलतो, हा एक स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कुणाला हवा असेल तर घ्या.

मग करायचं काय? मुलाखतीत 'कार्यक्रमात काही अडचणी येतात का?' असं विचारू नका. उत्तर मिळेल, 'नाही हो, सगळं व्यवस्थित होतं.' त्यापेक्षा परवानगी घेऊन पिशवीकडे बोट दाखवा: 'दादा, हे कधीपासून जवळ ठेवता?' वस्तूमागे बहुतेक वेळा एखादा प्रसंग असतो. आठवणीत रंग चढतो हे ध्यानात ठेवून तो लिहून घ्या. वहीत चार रकाने आखा: काय आलं, काय वापरलं, कुणी उचललं, कुणाच्या पैशाचं. शेवटचा रकाना भरताना जास्त खोदावं लागेल. मंडळाने ठरवलेल्या एकरकमी बिदागीत जादाच्या सामानाची वेगळी ओळ सहसा नसते, म्हणजे तो खर्च कुणीतरी स्वतःच्या अंगावर घेतलेला असतो. तो कुणी घेतला, हा तुमचा शोध.

एक सावधगिरी. पिशवीतला प्रत्येक दुसरा दायाँ बॅकअप नसतो. संध्याकाळी गायिका आणि रात्री गायक असेल तर दोन्ही दायाँ मुख्यच. तीच वस्तू एका दिवशी गरज आणि दुसऱ्या दिवशी राखीव. म्हणून वस्तूंची यादी पुरत नाही, त्या दिवसाचा कार्यक्रमही शेजारी लिहावा लागतो.

गाईड एक आक्षेप नक्की घेतील: घडलं नाही त्याचा अभ्यास कसा करणार? न घडलेल्या गोष्टींना अंत नाही. आक्षेप योग्य आहे, आणि त्याला सरळ उत्तर आहे. न घडलेल्या सगळ्याच गोष्टी आपल्याला नकोत. ज्यांच्यासाठी कुणीतरी पैसे मोडले, जागा अडवली आणि खांद्यावर ओझं घेतलं, तेवढ्याच घ्यायच्या. त्या मोजता येतात, उचलून बघता येतात. त्यासाठी मैफलीत काही बिघडण्याची वाट बघावी लागत नाही. सामान बांधलं जात असताना तिथे हजर राहिलं की झालं.