उंबऱ्याच्या आतली शिवी

आपल्या कवितेत शिवीला मान आहे. त्यांनी आपल्या अंगावर फेकलेली शिवी आपण उचलली, तिला धार लावली आणि परत त्यांच्याच अंगणात फेकली. पांढरपेशा समीक्षकांनी नाकाला रुमाल लावला. आपण म्हटलं, खुशाल लावा, ही भाषा तुमचीच देणगी आहे, आता ऐका. इथपर्यंत सगळं बरोबर. मला विचारायचंय ते पुढचं. कविसंमेलन संपतं, कवी रात्रीची एस.टी. धरून घरी जातो, दाराची कडी वाजवतो. जेवण गार झालेलं असतं. तेव्हा त्याच्या तोंडातनं जी शिवी बाहेर पडते ती कुठल्या साहित्यात धरायची? तिला विद्रोही म्हणायचं का?

मी प्राध्यापक नाही, वकीलही नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात पाळीवर उभा असतो. पण शिवी मला कळते. खात्यात जॉबरनं जातीवरनं एक शब्द काढला तर आम्ही साचे बंद करतो. दहा जण धावतात, युनियनचा माणूस येतो, कुणीतरी ॲट्रॉसिटीचं कलम सांगतो आणि जॉबर गप्प होतो. ही ताकद आम्हाला कुणी भीक म्हणून घातलेली नाही. पण त्यातलाच एखादा पाळी सुटल्यावर घरी जातो आणि बायकोला तिच्या बापावरनं, रंगावरनं, पोटी पोरीच झाल्या म्हणून तासभर बोलत राहतो. तेव्हा शेजारी टी.व्ही.चा आवाज वाढवतात. आम्ही म्हणतो, नवराबायकोचं भांडण हाय, आपण कशाला मधी पडा? आमचा एकच सवाल असतो, मारलं तर नाही ना? मारलं नाही म्हणजे माणूस चांगला.

हा सवाल कुठनं आला ते शोधायचं तर कायदाही कवितेसारखा वाचावा लागतो. शब्दन् शब्द, आणि दोन शब्दांच्या मधली जागासुद्धा.

ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अपमानाचं कलम झालं ३ (१) (आर) आणि जातीवाचक शिवीचं ३ (१) (एस). सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे मनाला केलेली जखम हा गुन्हा आहे, हे या देशात आपल्यासाठी लिहून ठेवलेलं आहे. रक्त दाखवावं लागत नाही, एक शब्द पुरतो. पण अट आहे. तो शब्द लोकांच्या नजरेसमोर उच्चारलेला पाहिजे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना केलेला अपमान या कलमात बसत नाही. आता विचार करा. आपली एक पोरगी सवर्णाच्या घरात लग्न करून गेली. सासू तिला स्वयंपाकघरात, कुणी नसताना, तिची जात ऐकवते. रोज ऐकवते. या कलमाला ते ऐकू जात नाही. आणि नवरा आपलाच असला तर हा कायदा लागूच होत नाही, तो बाहेरच्यांसाठी आहे.

मग घरातला कायदा बघा. पिनल कोडातलं ४९८ अ हे कलम आलं २५ डिसेंबर १९८३ ला. तारीख वाचून आपल्यापैकी कुणाचेही कान टवकारतील. १९२७ साली त्याच तारखेला महाडला मनुस्मृती जळाली होती. योगायोगच असेल, पण आपण तो लक्षात ठेवायला हरकत नाही. या कलमानं 'क्रूरता' शब्दाचा अर्थ सांगताना शारीरिक आरोग्याबरोबर मानसिक आरोग्यही धरलं. १ जुलै २०२४ पासून पिनल कोड गेला, भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे नंबर ८५ आणि ८६ झाले. मजकूर तोच, शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत. पण हुंड्याची मागणी बाजूला ठेवली तर हे कलम विचारतं, छळ इतका होता का की बाई जीव देईल, किंवा तिच्या जिवाला, अंगाला, मनाला गंभीर इजा होईल? रोज चिमूटभर विष घालणारा या मापात सहज सापडत नाही.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा जास्त बारकाईनं बोलतो. अपमान करणं, टिंगल करणं, नावं ठेवणं, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणं, तिच्या जवळच्या माणसांना इजा करीन अशी धमकी पुन्हापुन्हा देणं, हे सगळं त्यात नाव घेऊन लिहिलंय. ज्यानं लिहिलं त्यानं आपल्या चाळीतल्या भिंतीला कान लावला होता असं वाटतं. पण तिथं तो गुन्हा नाही. बाई मॅजिस्ट्रेटकडून संरक्षणाचा आदेश घेते, आणि नवऱ्यानं तो आदेश मोडला तर मग गुन्हा. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे शिक्षा कोर्टाचा शब्द मोडल्याची, बाईचं मन मोडल्याची नव्हे. इंग्लंडनं २०१५ साली जोडीदाराच्या पैशावर, येण्याजाण्यावर, माणसांवर सतत पहारा ठेवून त्याला मुठीत धरणं हाच गुन्हा ठरवला. पाच वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडं तसं कलम अजून नाही.

आता आपल्या कोल्हापुराकडं या. तबेल्यातल्या पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः जाऊन चारचौघांत त्यांच्या हातचा चहा घेतला. ही गोष्ट आपण शंभर वेळा सांगतो, आणि सांगावीच. पण त्याच राजानं १९१९ साली घरातल्या बाईला क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला, हे किती जयंत्यांच्या भाषणांत येतं? पिनल कोडात तसं कलम यायला पुढं ६४ वर्षं लागली. रस्त्यावरचा चहा आपल्याला पाठ, घरातला कायदा आपण विसरलो. नेमका कुठला शाहू आपण उचलला आणि कुठला ठेवून दिला, हे यावरून कळतं.

साहित्यातही आपण हेच केलं. १९८३ हे साल बघा. ४९८ अ आलं त्याच साली विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' आलं. समाजवादी नाथ देवळालीकरांची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी लग्न करते, आणि अरुण तिला मारतो, गरोदरपणातही मारतो. आपल्या लोकांनी या नाटकावर राग धरला. तो राग मला पटतो, पण त्याचं कारण नीट मांडायला पाहिजे. दलित नवरा मारतो असं दाखवलं ही तक्रार होऊ शकत नाही, कारण मारणारे आहेत. तक्रार अशी, की ज्या घरात ज्योतीचा संसार मोडतो ते घर रंगमंचावर येतच नाही. नाटक चालतं ते देवळालीकरांच्या दिवाणखान्यात. अरुणची आई नाही, शेजारीण नाही, वस्ती नाही. त्याच्या घरात त्याच्या आधी आईही सोसत होती, हे अरुणच्या तोंडून ओझरतं येतं, पण ती बाई समोर येऊन बोलत नाही. त्यामुळं अरुणचं वागणं हा एका माणसाचा गुन्हा राहत नाही, ते जातीचं लक्षण होऊन बसतं. आणि ज्योतीचा छळ हे नाथांच्या ध्येयवादाच्या परीक्षेचं साधन होतं. तिचं दुःख शेवटी बापाच्या कामाला येतं.

हे सगळं आपण बोललो. पण मग ज्या दारात तेंडुलकर शिरले नाहीत त्या दारातनं बायका स्वतः बाहेर आल्या, लिहून आल्या. तेव्हा आपण काय केलं? १९८४ साली मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आलं. आजही आपल्यातला पोरगा ते हातात घेतो आणि आधी ढसाळ कुठं आहेत ते शोधतो. कवीच्या चरित्राची पुरवणी म्हणून वाचतो. लिहिणारी बाई मधल्या मधे हरवते.

१९८६ साली बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमचं' पुस्तक म्हणून आलं. त्यात अठराविश्वे दारिद्र्य आहे, बाबासाहेबांची हाक आहे, हे आपण भाषणात सांगतो. पण कोवळ्या सुनेच्या वाकड्यातिकड्या भाकऱ्या सासू शेजारणींना दाखवते आणि तिची शोभा करते, तेही त्यात आहे. सासरहून पळालेल्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा आहे. भाकरीची ती टिंगल आणि तो खोडा बेबीताईंनी एकाच दमात सांगितलाय, याला मी मोठी गोष्ट मानतो. खोडा पायाला, टिंगल मनाला, आणि दोन्हींचं काम एकच, सून जागची हलू नये. आणखी एक गोष्ट आहे. दुकानात बसून बेबीताईंनी हे लिहिलं आणि कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. स्वतःच्या संसारातल्या मारहाणीला पुस्तकात जवळजवळ जागाच दिली नाही. ती नंतर मुलाखतीत सांगितली. इतकी धाडसी बाई, सगळ्या वस्तीची कवाडं उघडून दाखवली आणि आपल्या घराशी येऊन थांबली. ती का थांबली हे ज्या समीक्षेला विचारावंसं वाटत नाही ती समीक्षा माझ्या काय कामाची? २००३ च्या 'आयदान'मध्ये उर्मिला पवार पुढं गेल्या. बाई शिकते, लिहिते, सभेला जाते, तशी घरातली हवा कशी बदलत जाते ते त्यांनी लिहिलं. तो नवरा राक्षस नाही, आपल्यासारखाच शिकलेला, नोकरी करणारा माणूस आहे. म्हणून ते पुस्तक जास्त टोचतं.

वाचणं कसं चुकतं याचा मोठा दाखला कोर्टातला आहे. १९८२ साली पुण्यात एक नवविवाहिता विषानं गेली. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती, त्यात तिच्या मनाची घालमेल होती. खालच्या कोर्टानं नवऱ्याला फाशी दिली, हायकोर्टानं ती कायम केली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. तीच पत्रं वाचून न्यायमूर्ती म्हणाले, बाई मनानं खचलेली होती, तिनं स्वतःच जीव दिला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. खुनाच्या खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला द्यावा लागतो, हे मला कळतं. पण मनाच्या छळाचं वेगळं कलम तेव्हा नव्हतं. त्यामुळं ती का खचली होती, कुणामुळं, याचा हिशोब कुठंच झाला नाही. तिचं दुःख तिच्याच हस्ताक्षरात होतं, आणि ते कामाला आलं नवऱ्याच्या. न्यायमूर्ती हाही शेवटी वाचकच. बाईनं लिहिलेलं कसं वाचायचं यावर माणसं सुटतात, अडकतात. म्हणून हा प्रश्न निव्वळ वकिलांचा नाही, साहित्यवाल्यांचाही आहे.

इथं एक मित्र म्हणेल, भावा, हे कलम कडक झालं की पोलीस आधी आपल्याच वस्तीत शिरणार. मोठ्यांच्या बंगल्यातली शिवी गालिच्यात मुरते, आपल्या पत्र्यातनं ती रस्त्यावर ऐकू येते. हा मुद्दा खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. पोलीस ठाण्यात आपल्या पोराचं आडनाव आधी वाचतात, तक्रार नंतर. पण मग उत्तर काय? पोलिसांची भीती आहे म्हणून तिनं सोसायचं? ॲट्रॉसिटीचा गैरवापर होतो असं सवर्ण म्हणतात तेव्हा आपण काय सांगतो? गैरवापर असला तर कोर्टात सिद्ध करा, कायद्याला हात लावू नका. मग ४९८ अ चं नाव निघालं की आपल्या तोंडी त्यांचंच वाक्य कसं येतं? मी तर म्हणतो, जातीचा शब्द असो नाहीतर बायकोला रोजचा टोमणा असो, माणसाला आतून मोडणं हा गुन्हा आहे आणि कायद्यात तो तसाच लिहिला पाहिजे. किती शिक्षा, कुठला पुरावा, यावर खुशाल भांडू.

बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलं होतं की बायकोनं नवऱ्याच्या बरोबरीनं मैत्रीण म्हणून उभं राहावं, त्याची गुलाम होऊ नये. १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल मोठं होतं, आणि ते बिल घरातल्या नात्यांचं होतं. त्या राजीनाम्याचा आपल्याला अभिमान आहे. तो अभिमान सभेतच ठेवून घरी गेलं तर चालेल का?

कायदा येईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. ज्याला सगळे रीत म्हणत होते त्याला एका गावानं अपमान म्हटलं. मग सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला परिपत्रक काढलं. आधी नाव ठेवलं गेलं, सरकारी कागद मागनं आला.

नाव ठेवण्याचं हे काम लिहिणाऱ्यांचं आहे. पुढच्या अभ्यासवर्गात 'जिणं आमचं' घ्या. खोड्याचं पान वाचलं की भाकरीचं पानही मोठ्यानं वाचा, आणि ऐकायला घरातल्या बायकांना बोलवा, चहा आपण करू. एखादी वहिनी मंडळाकडं तक्रार घेऊन आली तर मिटवामिटवीची बैठक लावू नका. तिला बोलू द्या, तारखेसकट लिहून घ्या, त्या कागदाची एक प्रत तिच्या हातात द्या. आणि मारलं तर नाही ना, हा सवाल पहिला विचारू नका. काय बोलला ते विचारा.