मराठी ख्रिस्ती उपदेश आणि मजुरीचा प्रश्न

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील गेवराई तालुक्यातून दरसाल दिवाळीच्या सुमारास जी असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांची वाट ऊसतोडीसाठी धरतात, आणि मजूर पुरविणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात ज्यांतील नवराबायको मिळून केवळ ‘एक कोयता’ म्हणून नोंदली जातात, त्यांनी आगाऊ घेतलेल्या उचलीविषयी, कोपीतल्या म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या संसाराविषयी आणि शाळेस मुकणाऱ्या मुलांविषयी मराठी ख्रिस्ती उपदेशक आज काय बोलतो, यावरूनच उपदेशकलेच्या सद्यःस्थितीची परीक्षा करणे मला उचित वाटते. कारण त्याच्या हातातील ग्रंथ या विषयी मौन पाळीत नाही: याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीची फिर्याद थेट परमेश्वराच्या कानी जाते, आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस मावळता मावळता कामावर आलेल्या मजुरालाही पुरता रोज मिळतो.

या उपदेशास रूपाची उणीव कधीच नव्हती. फादर स्टीफन्सने 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करून ओवीला नवा विषय दिला. पुढे कृष्णराव सांगळे यांनी अहमदनगरास कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती उपासनेत रुजविली. आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी या दोन्ही वारशांत वारकऱ्यांच्या भक्तीचा ओलावा मिसळून भजन, कीर्तन व काव्य यांच्या द्वारे उपदेशास मराठी अंतःकरणाची भाषा बोलावयास लाविली. टिळकांचे मोठेपण एवढ्यावर संपत नाही. आयुष्याच्या अखेरीस मिशनच्या चाकरीचे बंधन सोडून साताऱ्यास त्यांनी जो ‘देवाचा दरबार’ उभारू पाहिला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंनाही स्थान होते. अर्थात समाज कोणाचा, हा प्रश्नच त्यांनी उपदेशाच्या केंद्रस्थानी आणिला.

गेवराईस अधिक जवळचा दाखला ख्रिस्ती उपदेशक नारायण शेषाद्रींचा. त्यांनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ ‘बेथेल’ हे गाव वसविले तेव्हा अस्पृश्य गणल्या गेलेल्या माणसांना वचनाबरोबर जमीन, घर व शाळा देण्याचा त्यांचा खटाटोप होता, आणि त्या खटाटोपानेच त्यांच्या उपदेशास वजन आले.

आजच्या प्रवचनांत मला हे वजन क्वचितच आढळते. आजार बरा व्हावा, कर्ज फिटावे, मुलास नोकरी लागावी, या आकांक्षा खऱ्या आहेत व त्यांचा उपहास करणे क्रूरपणाचे ठरेल. परंतु उपदेश जेव्हा कर्ज फेडण्याची आशा देतो आणि ते कर्ज अंगावर का पडले याचा उच्चारही करीत नाही, तेव्हा तो श्रोत्याचे अर्धेच दुःख ऐकतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईत पाणी व हिरवी भूमी यांच्या रक्षणासाठी रस्त्यावर उतरून धर्मोपदेशकाच्या कर्तव्याची कक्षा रुंदावली, आणि 2020 साली मराठवाड्यातच, उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद मराठी समाजाने त्यांना दिले. मात्र त्यांच्या वाटेने जाणारे थोडे.

या मौनामागे भीरुता आहे तशी अडचणही आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. लहान मंडळीच्या पाळकाचा निर्वाह वर्गणीवर चालतो, गावात मुकादमाशी रोजचा संबंध येतो, आणि ज्यांच्यासाठी बोलावयाचे ते श्रोते नाताळच्या उपासनेस ऐन गळीत हंगामामुळे कारखान्याच्या तळावर असतात. अशा पाळकास निर्भयतेचा उपदेश करण्याआधी शहरांतील संपन्न मंडळ्यांनी त्याच्या वेतनाची तरतूद करावी, हंगामात त्यास तळावर धाडावे, आणि तेथे कोप्यांपुढे कीर्तन मांडताना उत्तररंगात आख्यान लावावयाचे ते द्राक्षमळ्याच्या मजुरांचे असू द्यावे.