दोन डोंगर, एक संहिता

प्रवासवर्णनात विश्वासार्हतेची वाटणी सत्यानुसार होते की लेखनाच्या अधिकारानुसार, हा प्रश्न जॉन रॉसच्या १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या आर्क्टिक वृत्तान्तात तीव्रतेने उपस्थित होतो. अटलांटिकमधून पॅसिफिककडे जाणारा वायव्य मार्ग शोधताना ऑगस्ट १८१८ मध्ये रॉसची वायव्य ग्रीनलंडमधील इनुघुइटांशी गाठ पडली. त्याने त्यांना ‘आर्क्टिक हायलँडर्स’ म्हटले. स्कॉटिश निवेदकाने आपल्या मुलखाची संज्ञा परक्यांवर चढवावी, ह्यात आत्मीयता आहे आणि स्वामित्वही.

ही भेट शक्य झाली ती दुभाषामुळे. दक्षिणेकडील ग्रीनलंडचा जॉन सॅकहाउस निःशस्त्र पुढे गेला आणि बर्फाच्या भेगेपलीकडच्या माणसांशी बोलला. त्यांची बोली त्यालाही प्रयासानेच उमगत होती. ह्या भेटीचे त्याने काढलेले चित्र रॉसच्याच ग्रंथात आहे. गणवेशातले अधिकारी आणि आरसे न्याहाळणारे इनुघुइट त्यात एकाच बर्फावर, सारख्याच कुतूहलाचे विषय होऊन उभे आहेत. मात्र छपाईसाठी ते खोदकाम करणाऱ्याच्या हातून गेलेले असल्याने त्याला निखळ ‘स्थानिक दृष्टी’ म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

संहितेचा खरा अंतर्विरोध तिच्यातल्या दोन डोंगरांत आहे. पहिला लोखंडाचा. सुऱ्यांची पाती कोठून आली, ह्या प्रश्नाला इनुघुइटांनी दिलेल्या उत्तरातला हा डोंगर रॉसने पाहिला नाही. सुऱ्यांतील लोखंड उल्केचे असल्याचे पुढे रासायनिक परीक्षणाने सुचविले. दुसरा, लँकेस्टर साउंडची वाट अडविणारा ‘क्रोकर पर्वत’. तो रॉसने स्वतः ‘पाहिला’, त्याला नौदल खात्याच्या सचिवाचे नाव दिले आणि जहाजे परत फिरविली. ऐकीव साक्षीला प्रयोगशाळेचा दाखला लागतो. कप्तानाच्या नजरेला त्याच्या संहितेत नकाशावरची रेघ पुरते.

१८१९ मध्येच पॅरीची जहाजे त्या ‘पर्वता’तून पार गेली. पर्वत नव्हताच. लोखंड मात्र होते. १८९४ मध्ये स्थानिक वाटाड्याने ते रॉबर्ट पिअरीला दाखविले आणि १८९७ मध्ये त्यातील सर्वांत मोठा, सुमारे ३१ टनांचा खंड न्यूयॉर्कला पोहोचला. म्हणून ‘ऐकीव ते खरे, पाहिलेले खोटे’ एवढ्यावर हे वाचन थांबत नाही. ज्यांची साक्ष खरी ठरली, त्यांच्याच हातून ती वस्तू गेली. साक्ष नाकारणे हा सत्तेचा एक व्यवहार; साक्ष स्वीकारून साक्षीदाराला वगळणे, हा दुसरा आणि अधिक टिकाऊ.