चित्राच्या पाठीवरची नोंद

उघड्यावर निसर्गचित्र रंगविताना कलावंताचे भान हरपते, असे आपण सहज म्हणतो. परंतु असे भान हरपणे म्हणजे सावधपणा सोडणे नव्हे. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याची मेघचित्रे पाहिली की हे पटते.

पत्नी मारियाच्या नाजूक प्रकृतीसाठी तो लंडनजवळील हॅम्पस्टेडच्या टेकडीवर बिऱ्हाड करून राहू लागला. तेथे १८२१ आणि १८२२ या वर्षांत त्याने कागदावर तैलरंगांत आकाशाची अनेक चित्रे काढली. कित्येकांत झाड नाही, जमीन नाही. केवळ ढग आहेत. मागील बाजूस मात्र तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपलेली आढळते. तरुणपणी वडिलांच्या गिरण्यांत काम केलेल्या या चित्रकाराला आकाश वाचण्याची सवय होती. पवनचक्कीचे पोट वाऱ्यावरच चालते!

ढग कुणासाठी थांबत नाही. तो पालटण्यापूर्वी रंग कागदावर उतरला पाहिजे. या निकडीतच ‘मी’पणाला सवड उरत नाही आणि डोळा व हात एक होतात. काही चित्रे त्यामुळे अपुरी राहिली, हे मान्य केले पाहिजे. ‘द हे वेन’ हे त्याचे भव्य चित्र १८२१ सालचेच, पण चित्रशाळेत सिद्ध झालेले. त्याची रचना अधिक भारदस्त आहे. वारा मात्र मला या लहानशा कागदांवरच अधिक जाणवतो.

मारिया १८२८ मध्ये निवर्तली. तिच्या आजारपणाच्या सावलीतही कॉन्स्टेबलने या चित्रांत स्वतःचे दुःख मांडले नाही. त्या घटकेचे आकाश तेवढे प्रामाणिकपणे नोंदविले. तल्लीनता त्याला लाभली ती याच प्रामाणिकपणातून, असे मला वाटते.