‘कारखान्याचं’ म्हणजे नेमकं काय? एका किटवरून स्रोत वाचायला शिकू

स्रोत तपासून वाचायचा म्हणजे काय, हे समजून घ्यायला एक जुनं ब्रिटिश उदाहरण बघा: ऑस्टिन-हीली १०० या स्पोर्ट्स गाडीचं ‘ल माँ’ किट. १९५३ साली ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत या गाड्या १२व्या आणि १४व्या आल्या. मग त्या नावाने कंपनीने इंजिनाची ताकद वाढवणारे भाग एकत्र विकायला काढले. त्यात पावणेदोन इंची एसयू कार्ब्युरेटरची जोडी होती, थंड हवा घेणारी पेटी होती, व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅमशाफ्ट होता. पुढे १९५५ मध्ये हेच बदल आणि जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन घेऊन ‘१००एम’ हे मॉडेल आलं.

आता या किटवरचे लेख वाचा. ‘किटमुळे ताकद ९० वरून ११० हॉर्सपॉवर झाली’ हे वाक्य हमखास भेटतं. वाक्य सुटसुटीत आहे, पण संशोधनाला चालणारं नाही.

पहिली अडचण: ११० हा आकडा किट आणि ८.१ कॉम्प्रेशनचे पिस्टन, दोन्ही मिळून येतो. मूळ पिस्टन ठेवून नुसतं किट बसवलं तर आकडा १०० च्या आसपासचा. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एका आकड्यात कोंबल्या गेल्या.

दुसरी अडचण: हा आकडा किती आरपीएमला मिळतो, तेच गाळलं जातं. मूळ ९० हॉर्सपॉवर ४००० आरपीएमला, १००एमचे ११० मात्र ४५०० ला. साधा भागाकार करा. ताकद २२ टक्क्यांनी वाढली, पण त्या-त्या आरपीएमवरचा टॉर्क सुमारे ९ टक्क्यांनीच वाढला. उरलेली वाढ आली ती इंजिन जास्त वेगाने फिरवल्यामुळे. २६६० सीसी आकारमान तर होतं तेवढंच राहिलं. हे गणित कागदावर दोन मिनिटांचं आहे, तरी फार थोडे लेखक ते करतात.

तिसरी अडचण सगळ्यात महत्त्वाची, आणि ती ‘कारखान्याचं’ या शब्दाची. कारखान्यातून तयार होऊन आलेल्या १००एम साधारण ६४० सांगितल्या जातात. पण किट बाहेरही विकलं जायचं, डीलर किंवा मालक ते नंतर बसवू शकत होता. भाग तेच, इंजिनाचा आवाजही तोच. मग नुसती गाडी बघून मूळची कोणती आणि नंतर बदललेली कोणती, हे ठरवायचं कसं? लिलावात या दोन गाड्यांच्या किमतींत मोठा फरक पडतो, म्हणून हा वाद नुसता पुस्तकी नाही. इथे कामाला येतात उत्पादनाच्या नोंदवह्या. गेडन इथल्या ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडे अशा नोंदी आहेत आणि त्यांवरून गाडीचं प्रमाणपत्र मिळतं. मात्र गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती, एवढंच त्या नोंदी सांगतात. पुढच्या सत्तर वर्षांत तिचं काय झालं, ते त्यांत नसतं.

तुमचा विषय गाड्यांचा नसेलही. तरी एखादा आकडा उचलण्याआधी तीन प्रश्न विचारा: हा नेमका कशाचा आकडा आहे? कोणत्या परिस्थितीत मोजला? आणि ज्या वस्तूवरून मोजला, तीच वस्तू आपल्यासमोर आहे का? गाइडसमोर बसल्यावर तिसऱ्या प्रश्नालाच बहुतेकांची दांडी उडते. तेव्हा सुरुवात तिथूनच करा.